फोनमध्ये हेर-ॲप आहे का? पायरीपायरीने तपासणी आणि सफाई

फोनमध्ये कुणीतरी हेरगिरीचं ॲप टाकलंय अशी शंका आली की बहुतेक जण आधी बॅटरी बघतात. फोन तापतोय का, चार्जिंग लवकर उतरतंय का, डेटा कुठे जातोय. या खुणांवर विसंबलात तर दोन्हीकडून फसाल. तीन वर्षं वापरलेला फोन हेराशिवायही तापतो. उलट नीट बनवलेलं हेर-ॲप दिवसाला इतका थोडा मजकूर पाठवतं, की कुटुंबाच्या ग्रुपवर येणाऱ्या व्हिडिओंच्या गर्दीत तो दिसतही नाही.

बघायचं ते परवानग्यांकडे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. एका ॲपला दुसऱ्याचा मजकूर परस्पर वाचता येत नाही. व्हॉट्सॲपचे संदेश, बँकेचा ओटीपी किंवा तुमचा ठावठिकाणा हवा असेल, तर हेर-ॲपला फोनकडून किल्ली मागून घ्यावीच लागते. कुठली किल्ली कुणाला दिली आहे याची यादी सेटिंग्जमध्ये असते, आणि ती तिथून सहसा लपवता येत नाही. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

ॲप शिरतं कसं

सामान्य माणसाच्या फोनमध्ये हेर शिरायच्या मुख्य वाटा तीन.

पहिली वाट म्हणजे फोन हातात मिळणं. स्क्रीनचा पिन माहीत असलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटं पुरतात. तो ब्राउझरमधून ॲप उतरवतो, प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स शोधणारी गुगलची तपासणी) बंद करतो, चार परवानग्या देतो, ॲपचं चिन्ह लपवतो आणि फोन जागेवर ठेवतो. नवरा, प्रियकर, घरातलं कुणी, ऑफिसातलं कुणी: या वाटेने येणारा माणूस जवळपास नेहमी ओळखीचाच असतो.

दुसरी वाट एपीके फाइलची. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची कच्ची फाइल, प्ले स्टोअरला बगल देऊन येणारी. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलान', 'पीएम किसान यादी', 'बँक केवायसी' अशा नावांनी ती फिरते, आणि बऱ्याचदा पाठवणारा नंबर तुमच्या नात्यातल्या माणसाचा असतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. व्हॉट्सॲपवर फाइल आली की तिच्या नावाखाली बारीक करड्या अक्षरांत तिचा आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. खरी पत्रिका तिथे पीडीएफ असते, नाहीतर सरळ फोटो किंवा व्हिडिओ म्हणून येते. तिथे एपीके दिसलं तर ती पत्रिका नाही, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना.

तिसऱ्या वाटेला ॲप लागतच नाही. तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर जोडलेलं असतं, किंवा तुमच्या गुगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे असतो. घरगुती पाळतीचा संशय आला की ही वाट आधी तपासा. फोन धुंडाळून काही सापडत नाही, आणि तरी समोरच्याला सगळं कळत असतं, तेव्हा कारण बहुधा हेच निघतं.

हात लावायच्या आधी

संशय घरातल्या किंवा पूर्वीच्या जोडीदारावर असेल तर तपासणी आत्ता, याच फोनवर सुरू करू नका. हेर-ॲप काढलं की पलीकडच्या माणसाला माहिती येणं थांबतं आणि त्याला लगेच कळतं. मारहाणीची, धमकीची शक्यता असेल तर हा क्षण धोक्याचा असतो. 'हेर-ॲप कसं काढायचं' हे त्याच फोनवर शोधलंत तर तो शोधही त्याला दिसू शकतो. हा लेखसुद्धा मैत्रिणीच्या फोनवर वाचा. महिला हेल्पलाइन 181 वर बोलायचं असेल तर तेही दुसऱ्या फोनवरून. आधी राहायची सुरक्षित जागा आणि सोबतीला माणूस ठरवा, सफाई नंतर. तोवर संशयित फोन नेहमीसारखा वापरत राहा, फक्त महत्त्वाचं बोलणं त्यावर नको.

असा धोका नसेल तर पुढे चला. दुसऱ्या फोनचा कॅमेरा तयार ठेवा. जे सापडेल त्याचा बाहेरून फोटो काढायचा आहे. त्याच फोनवर स्क्रीनशॉट घेतलात तर फोटोंवर नजर असलेल्या हेर-ॲपला तोही दिसतो.

अँड्रॉइडची तपासणी

सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, प्रत्येकाच्या सेटिंग्जची मांडणी वेगळी. म्हणून रस्ते पाठ करू नका. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत खालची नावं टाइप करा. फोन इंग्रजीत असेल तर इंग्रजीतून टाइप करा.

सुरुवात ॲक्सेसिबिलिटीपासून. ही सोय अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. परवानगी देताना फोन विचारतो, या ॲपला तुमच्या फोनचा पूर्ण ताबा द्यायचा का? त्याखाली दोन ओळी असतात: स्क्रीन बघणं व नियंत्रित करणं, आणि क्रिया बघणं व करणं. त्या दोन ओळींत बँकेचा पिन, व्हॉट्सॲपचं बोलणं, सगळं आलं. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन इथे उपयोगी पडत नाही, कारण संदेश उलगडून स्क्रीनवर आल्यावरच हेर तो वाचतो. या पानावर 'डाउनलोड केलेली ॲप्स' असा भाग असतो. तिथे टॉकबॅकसारख्या गुगलच्या सोयी किंवा तुम्ही स्वतः टाकलेला पासवर्ड मॅनेजर दिसला तर ठीक. 'सिस्टिम सर्व्हिस', 'सिंक सर्व्हिस', 'वायफाय अपडेट' असलं गुळगुळीत नाव चालू दिसलं तर फोटो घ्या, ॲपचं नाव लिहून ठेवा आणि पुढे जा. लगेच बंद करू नका.

मग नोटिफिकेशन ॲक्सेस. ही किल्ली असलेल्या ॲपला पडद्यावर वर येणारी प्रत्येक सूचना मिळते, म्हणजे ओटीपी आणि व्हॉट्सॲप संदेशाच्या पहिल्या ओळीसुद्धा. मनगटी घड्याळाचं ॲप किंवा अँड्रॉइड ऑटो इथे असणं स्वाभाविक आहे. कॅल्क्युलेटर किंवा गॅलरी असायचं काही कारण नाही.

तिसरं डिव्हाइस ॲडमिन ॲप्स. इथे नाव असलेलं ॲप सहजी काढता येत नाही. फोन शोधायची गुगलची सोय आणि ऑफिसचं मेल ॲप, एवढंच बहुतेक फोनवर असतं.

शोधपट्टीत आणखी चार नावं टाकून बघा: अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करणं (इथे क्रोम, व्हॉट्सॲप किंवा फाइल मॅनेजरला मुभा दिलेली असेल तर ॲप कुठून आलं याचा धागा मिळतो), इतर ॲप्सवर दिसणं, यूसेज ॲक्सेस (तुम्ही कुठलं ॲप केव्हा वापरता हे बघायची मुभा) आणि डिफॉल्ट ॲप्स. शेवटच्या पानावर एसएमएससाठी कुठलं ॲप निवडलं आहे ते पाहा. ओटीपी चोरणारी ॲप्स तीच जागा बळकावतात.

आता ॲप्सची पूर्ण यादी. होम स्क्रीनवर नव्हे, सेटिंग्जमधली. हेर-ॲप चिन्ह लपवतं, पण या यादीत त्याचं नाव बहुतेक वेळा असतंच. अनोळखी नावावर टॅप करा आणि ॲपच्या माहितीचं पान अगदी तळापर्यंत खाली सरकवा. तिथे ते कुठून आलं ते लिहिलेलं असतं. गुगल प्ले स्टोअर, सॅमसंगचं गॅलेक्सी स्टोअर असं काही असेल तर बरं. ब्राउझर किंवा पॅकेज इन्स्टॉलर असेल आणि तुम्ही ते टाकल्याचं आठवत नसेल, तर संशय पक्का धरा. याच पानावर परवानग्याही दिसतात. विजेरीच्या ॲपला माइक आणि एसएमएस लागत नाहीत.

प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या तुमच्या फोटोवर टॅप करा, प्ले प्रोटेक्टमध्ये जा आणि स्कॅन करा. त्याच्या सेटिंग्जमध्ये ॲप तपासणी बंद असेल, आणि ती तुम्ही केलेली नसेल, तर हा सगळ्यात बोलका पुरावा आहे: हेर-ॲप टाकताना सहसा आधी हेच बंद करावं लागतं.

अँड्रॉइड 12 पासून प्रायव्हसी डॅशबोर्डही आहे. कुठल्या ॲपने कॅमेरा, माइक आणि लोकेशन केव्हा वापरलं ते तिथे वेळेसकट दिसतं. रात्री अडीच वाजता तुम्ही झोपलेले असताना माइक वापरला गेला असेल तर तेही दिसेल. कॅमेरा किंवा माइक चालू असताना स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. तो ओळखायची सवय लावून घ्या.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'हा कोड डायल करा, हॅक झालाय का कळेल' अशा संदेशांमागे लागू नका. त्या कोडने फार तर कॉल फॉरवर्डिंगची स्थिती कळते. हेर-ॲपचा त्याच्याशी संबंध नाही. कॉल फॉरवर्डिंग मात्र वेगळं तपासा, फोन ॲपच्या सेटिंग्जमधून: कुरिअरवाला असल्याचं सांगून लोकांना असा कोड दाबायला लावतात आणि कॉलवर येणारे ओटीपी आपल्याकडे वळवतात. जाहिरातीतून येणारी 'स्पायवेअर रिमूव्हर' ॲप्सही टाकू नका. त्यातली कित्येक स्वतःच डेटा उचलतात.

ॲप नसताना होणारी पाळत

व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडा. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. प्रत्येकाचं नाव आणि ते शेवटचं केव्हा चालू होतं ते तिथे दिसतं. ओळख पटत नसेल त्याचा फोटो घ्या, मग लॉग आउट करा.

गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर 'तुमची उपकरणं' पाहा. गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग कुणाला चालू आहे ते पाहा. गुगल फोटोजमध्ये पार्टनर शेअरिंग तपासा: ते चालू असेल तर तुम्ही काढलेला प्रत्येक फोटो दुसऱ्याकडे आपोआप जाऊ शकतो. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग लावलंय का, हे संगणकावरून बघा.

बोटांचे ठसेही मोजा. सेटिंग्जमध्ये ठशांची यादी उघडून आपलं बोट सेन्सरवर ठेवलं की बऱ्याच फोनवर तुमच्या ठशाची ओळ क्षणभर उजळते. सगळी बोटं लावून झाली आणि एक ओळ उजळलीच नाही, तर तो ठसा दुसऱ्याचा.

आयफोन असेल तर

आयफोनवर, ॲपलने प्रणालीला घातलेलं कुलूप तोडलेलं (जेलब्रेक केलेलं) नसेल तर, लपून चालणारं हेर-ॲप टाकणं अवघड असतं. पाळत बहुतेक वेळा ॲपल खात्याच्या पासवर्डातून होते: बॅकअप आयक्लाउडवर जातो आणि दुसरा माणूस तो तिथून उतरवून वाचतो. म्हणून सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून खाली जोडलेली उपकरणं पाहा. 'व्हीपीएन व डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये कंपनीने दिलेला फोन नसताना एखादं प्रोफाइल दिसलं तर ते गंभीर आहे. फेस आयडीच्या पानावर 'दुसरा चेहरा जोडा' हा पर्याय दिसत नसेल, तर दुसरा चेहरा आधीच जोडलेला आहे.

आयओएस 16 पासून प्रायव्हसीच्या पानात सेफ्टी चेक आहे. कुणाला काय शेअर होतंय ते त्यात एकेक करून दाखवलं जातं आणि तिथूनच बंद करता येतं. मध्येच कुणी आलं तर 'क्विक एक्झिट' दाबा, सेटिंग्ज बंद होऊन होम स्क्रीन येते. जोडीदाराच्या पाळतीत अडकलेल्यांचा विचार करूनच ही सोय बनवलेली आहे.

काढणं, योग्य क्रमाने

1. पुरावा आधी. ॲपचं नाव, परवानग्या, टाकल्याची वेळ आणि जोडलेली उपकरणं यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. पोलिसांत जायचं असेल तर इथेच थांबा. फोन विमान मोडवर टाकून, वायफायही बंद आहे याची खात्री करून, तसाच ठेवा. सफाई केलीत की पुरावा जातो.

2. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. हेर असलेल्या फोनवर नवा पासवर्ड टाइप केला की तो नवा पासवर्डही त्याच्याकडे पोचतो. आधी ईमेल, मग बँक, मग बाकी सगळं. टू-स्टेप पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय) चालू करा. पासवर्ड विसरल्यावर वापरायचा मोबाइल नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत ना, तेही बघा.

3. ॲप काढा. माहितीच्या पानावर अनइन्स्टॉलचं बटण करडं, दबत नसलेलं दिसलं तर ॲप डिव्हाइस ॲडमिन आहे. त्या यादीत जाऊन आधी टिक काढा, ॲक्सेसिबिलिटी बंद करा, मग अनइन्स्टॉल. काही ॲप्स टिक काढू देत नाहीत, तुम्ही त्या पानावर गेलात की झटकन होम स्क्रीनवर आणून टाकतात. ती ॲक्सेसिबिलिटीची किल्ली तुमच्याविरुद्ध वापरत असतात. अशा वेळी सेफ मोड वापरा: बऱ्याच फोनवर पॉवर बटण दाबून धरल्यावर 'पॉवर ऑफ'चं चिन्ह येतं, तेच बोटाने दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय मिळतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ती बिनविरोध निघतात.

4. तरी मन साशंक असेल, किंवा बँकेचे व्यवहार या फोनवर असतील, तर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. त्याआधी फोटो आणि संपर्क बाहेर काढा आणि गुगल खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा, कारण रीसेटनंतर फोन तोच मागतो. फोन पुन्हा सुरू होताना 'जुनी ॲप्स परत आणू का?' असं विचारेल. नको म्हणा. बॅकअपमधून ॲप्स ओतली की काढलेली घाणही परत येऊ शकते. लागतील ती ॲप्स प्ले स्टोअरमधून एकेक टाका.

5. नवा पिन, सहा आकडी, घरात कुणालाही माहीत नसलेला. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. जुने ठसे पुसून आपले नव्याने नोंदवा. हे राहिलं तर आठवड्याभरात ॲप परत बसवलं जाऊ शकतं.

एपीके आत्ताच उघडली गेली असेल तर

इथे क्रम वेगळा आहे, कारण प्रश्न पैशांचा आणि मिनिटांचा. लगेच विमान मोड, वायफायही बंद. म्हणजे ॲपला ओटीपी बाहेर पाठवता येणार नाही. दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून संध्याकाळची वाट बघू नका. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे संदेश तुम्हाला दिसत राहतील. नातेवाइकांना कळवा की तुमच्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नये.

अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देताना फोन आधी अडवतो. हा अडथळा उठवायला ॲपच्या माहितीच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबून 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग्जना परवानगी' द्यावी लागते. कुणी फोनवर 'ते तीन ठिपके दाबा' असं सांगत असेल तर कॉल तिथेच तोडा. दूरवरून फोन चालवायची एनीडेस्कसारखी ॲप्स टाकायला सांगणाऱ्याचंही तसंच. ती ॲप्स प्रामाणिक आहेत, पण तुमचा फोन समोरच्याच्या हातात देतात. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच या प्रकाराबद्दल सावध केलं होतं.

पेगॅसस आणि तुम्ही

इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगॅसस वेगळ्या जातीचं. ते सरकारी यंत्रणांना विकलं जातं आणि त्याला परवानगी मागावी लागत नाही, फोनच्या प्रणालीतल्या दोषातून ते आत घुसतं. 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या दोषातून जगभरातले सुमारे 1400 फोन लक्ष्य झाले. कॉल उचलायचीही गरज नव्हती. भारतातले वकील, पत्रकार, कार्यकर्ते त्यांत होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये चौकशी समिती नेमली. समितीने तपासलेल्या 29 फोनपैकी 5 फोनमध्ये काही घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही, असं ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयात सांगण्यात आलं.

वरची परवानग्यांची तपासणी अशा हेराला पकडू शकत नाही. तुम्ही पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते असाल, किंवा ॲपलकडून धोक्याची सूचना आली असेल, तर आयफोनवर लॉकडाउन मोड आणि अँड्रॉइड 16 वर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन, म्हणजे फोनचं कडक संरक्षण, चालू करा. अपडेट आलं की त्याच दिवशी टाका. फोन रोज एकदा बंद करून चालू करा: असे बरेच हेर फक्त फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत (रॅममध्ये) राहतात आणि फोन पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाहीत. ते पुन्हा घुसू शकतात, पण दर वेळी पकडलं जायची जोखीम त्यांना घ्यावी लागते. बाकीच्यांनी पेगॅससच्या भीतीत वेळ घालवू नये. तुमच्यासाठी पिन आणि एपीके हेच खरे प्रश्न आहेत.

'मी तर काळजीपोटी टाकलं'

हे वारंवार ऐकू येतं, म्हणून स्पष्ट लिहितो. लहान मुलांसाठी गुगलच्या फॅमिली लिंकसारख्या सोयी आहेत आणि त्या चालू असल्याचं मुलाला दिसतं. लपून चालणारं ॲप सज्ञान माणसाच्या फोनमध्ये टाकणं, मग तो नवरा असो वा बायको, ही काळजी नव्हे. आणि ती माहिती फक्त तुमच्याकडे राहत नाही. ती आधी ॲपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. जून 2023 मध्ये लेटमीस्पाय नावाचं असं ॲप हॅक झालं आणि पाळतीखालच्या लोकांचे संदेश, कॉलच्या नोंदी, ठावठिकाणे चोरांच्या हाती पडले. ज्यांना आपल्यावर पाळत आहे हेही ठाऊक नव्हतं, त्यांची खाजगी माहिती दोनदा लुटली गेली.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येतं: 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागतं. पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करा, किंवा कुठल्याही पोलीस ठाण्यात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर 'झिरो एफआयआर' हा शब्द वापरा: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी तो नोंदवून घ्यावा लागतो. सोबत मूळ फोन, दुसऱ्या फोनने काढलेले फोटो आणि तारखांची एक पानी यादी न्या. फोटोंची छापील प्रत न्यायालयात चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. ते तयार करायला वकिलाची मदत घ्या, आणि मूळ फोटो पुसू नका. पोलिसांनी फोन तपासणीसाठी ठेवून घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा आणि त्यात फोनची ओळख पटवणारा आयएमईआय नंबर लिहिलेला आहे का ते वाचून बघा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती हातात घेऊनच ठाण्यातून निघा.